सासूबाईंचा गुडघा, अडीच वर्षांचा मुलगा आणि घरभर फवारणी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. तीन आठवड्यांनी त्यांचा उजवा गुडघा बदलायचा आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकांची अशीच शस्त्रक्रिया झाली होती. त्यांची जखम चिघळली, पू झाला आणि पुन्हा ऑपरेशन करून बसवलेला सांधा काढावा लागला. ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. मी घर निर्जंतुक करायला घेतलं आहे. दिवसातून दोनदा जंतुनाशकाने फरशी पुसते, सगळ्यांसाठी जंतुनाशक साबण आणला आहे, दर आठवड्याला झुरळांची फवारणी करून घेते, संध्याकाळी डासांची कॉईल लावते. सासूबाईंची खोली रंगवायलाही काढली आहे. जुना ऑईलपेंट पॉलिशपेपरने घासायचं काम एका भिंतीपुरतं झालं आहे.

आता माझी बहीण म्हणते की असल्या रसायनांचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, मुलं चंचल आणि चिडचिडी होतात. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि एका जागी दोन मिनिटं बसत नाही. फवारलं नाही तर सासूबाईंची काळजी, फवारलं तर मुलाची. पती म्हणतात, मुलाला महिनाभर दुसरीकडे ठेवू या. पण तो आजीला सोडून राहत नाही. खबरदारी म्हणून सासूबाईंना आत्तापासूनच अँटिबायोटिक सुरू करायला सर्जनना सांगू का? मी नेमकं काय करावं?

— एक सून

उत्तर

प्रिय ताई,

आधी आज करायच्या दोन गोष्टी सांगते, बाकी सगळं सावकाश वाचा. भिंत घासायचं काम लगेच थांबवा आणि ती खोली बंद करून मुलाला तिच्याकडे फिरकू देऊ नका. आणि पुढच्या आठवड्याची फवारणी रद्द करा. या दोन्हींमुळे सासूबाईंचा धोका तसूभरही वाढणार नाही. मुलाचा मात्र नक्की कमी होईल.

तुमची धडपड कुठून आली ते मला कळतं. बसवलेल्या सांध्यात जंतू गेले तर काय होतं ते तुम्ही ओळखीतच पाहिलंत. ती भीती खोटी नाही. कृत्रिम सांध्याच्या धातूला आणि प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू एकदा त्याच्या पृष्ठभागावर थर करून बसले की औषध आणि शरीरातल्या संरक्षक पेशी दोन्ही तिथपर्यंत धड पोहोचत नाहीत. म्हणूनच काकांचा सांधा काढावा लागला असेल. पण ते जंतू येतात कुठून, याचा तुमचा अंदाज चुकतो आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेत शिरणारे बहुतेक जंतू रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरचे असतात, म्हणजे त्वचेवरचे आणि नाकातले. त्याखालोखाल येतात ते जखमेला हात लावणाऱ्यांच्या हातांवरून. तुमच्या घराची फरशी, स्वयंपाकघरातलं झुरळ किंवा खोलीतली हवा यांचा बंद टाक्यांशी फारसा संबंध येत नाही.

हीच चूक एकदा फार मोठ्या माणसाकडूनही झाली होती. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये कार्बोलिक अ‍ॅसिड वापरून जखमा कुजण्यापासून वाचवायला सुरुवात केली. आजची जंतुविरहित शस्त्रक्रिया त्यातूनच पुढे आली. पण जंतू हवेतून येतात असं वाटून त्यांनी ऑपरेशन चालू असताना खोलीभर कार्बोलिकचा फवारा मारायची पद्धतही काढली. सर्जन आणि परिचारिका त्या धुक्यात उभ्या राहून काम करायच्या. कातडी सोलायची, खोकला यायचा. पुढे लक्षात आलं की हात, अवजारं आणि रुग्णाची त्वचा स्वच्छ असणं हेच महत्त्वाचं. १८९० मध्ये बर्लिनच्या वैद्यकीय परिषदेत लिस्टर यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा फवारा आपण सुचवला याची आपल्याला लाज वाटते. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांच्या शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या क्षाराने आणि कार्बोलिकने सोलवटून निघाले, म्हणून त्यांच्यासाठी रबराचे पातळ हातमोजे बनवून घेतले गेले. आज प्रत्येक ऑपरेशनमध्ये दिसणारे हातमोजे आले ते असे, रसायनापासून माणसाला वाचवण्यासाठी.

तेव्हा हातातले तीन आठवडे घरावर खर्च करू नका, सासूबाईंच्या शरीरावर खर्च करा.

पहिली गोष्ट साखर. तुम्ही पत्रात मधुमेहाचा उल्लेख एका वाक्यात उरकलात, माझ्या लेखी मात्र सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. रक्तात साखर जास्त असली की जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम सावकाश भरते. या आठवड्यात एचबीए१सी तपासून घ्या. मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर त्यातून कळते. हा आकडा साडेसात-आठच्या वर असेल तर अनेक सर्जन सांधा बदलायचं काम पुढे ढकलतात. तसं झालं तर नाराज होऊ नका, तारखेला चिकटून राहू नका. गुडघा महिना-दोन महिने थांबू शकतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि नंतरच्या दिवसांत साखर २००च्या खाली राहावी, हा सर्वसाधारण दंडक आहे. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी असताना मधुमेहाची कोणती गोळी बंद ठेवायची आणि इन्सुलिनचं काय करायचं, ते भूलतज्ज्ञांकडून लिहूनच घ्या.

मग सासूबाईंना डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघा. किडलेला, ठणकणारा दात आहे का? लघवीला जळजळ होते का? पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिरा पडल्या आहेत का, टाचेला भेगा, अंगावर गळू, गुडघ्यापाशी खाजवून झालेली जखम? यातलं काहीही असेल तर ते आधी बरं व्हायला हवं, कारण शरीरात दुसरीकडे असलेले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. आणखी एक, जे घरचे लोक सांगायला हमखास विसरतात: मागच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात दुखणं कमी करायला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं असेल, तर सर्जनना आवर्जून सांगा. त्याने संसर्गाचा धोका वाढतो. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्यांना बाहेरचा रस्ता दाखवा, आणि सासूबाई स्वतः तंबाखू कोणत्याही रूपात घेत असतील तर आजपासून बंद. निदान चार आठवड्यांची सुट्टी मिळाली तर जखमेला प्राणवायू नीट मिळतो. तीन मिळाले तरी घ्या.

नाकाची तपासणी होते का, हेही विचारा. साधारण चार-पाच माणसांतल्या एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू काही त्रास न देता मुक्कामाला असतो. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेत घात करतो तो बऱ्याचदा हाच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात असे वाहक आधीच शोधून त्यांना नाकात म्युपिरोसिन मलम आणि अंघोळीला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक दिलं, तेव्हा या जंतूचे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वंही हृदयाच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियेआधी वाहकांना हे मलम द्यावं असं सांगतात. पाच दिवसांचं साधं काम आहे, आणि तुमच्या महिनाभराच्या फरशी पुसण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त.

आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबणाने अंघोळ घाला. साधा साबण चालतो, रुग्णालयाने क्लोरहेक्सिडिन दिलं असेल तर ते वापरा. आणि कृपा करून घरी पायावर ब्लेड किंवा रेझर फिरवू नका. पाय ‘स्वच्छ’ करून पाठवावा म्हणून घरचे लोक हे प्रेमाने करतात, पण रेझरने त्वचेवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असले तर रुग्णालयात क्लिपरने, शस्त्रक्रियेच्या थोडं आधी काढतात.

आता अँटिबायोटिक. आत्तापासून सुरू करायला सांगू नका. ते द्यायची वेळ फार नेमकी असते. चिरा दिला जातो तेव्हा ते रक्तात आणि त्या ठिकाणच्या मांसात भरपूर असायला हवं, म्हणून बहुतेक वेळा आधीच्या तासाभरात शिरेतून देतात. तीन आठवडे आधी गोळ्या दिल्या तर अंगावरचे साधे जंतू मरतील आणि औषधाला न जुमानणारे शिल्लक राहतील, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी सासूबाईंच्या त्वचेवर जास्त चिवट फौज असेल. शस्त्रक्रिया संपल्यावर ‘खबरदारी म्हणून’ आठवडाभर गोळ्या चालू ठेवण्याविरुद्धही जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट भूमिका घेतली आहे. तेव्हा सर्जननी घरी जाताना अँटिबायोटिक लिहून दिलं नाही, तर ते विसरले असं समजू नका.

रुग्णालयात तुम्हाला करता येण्यासारखं थोडंच असतं, पण दोन गोष्टी विचारता येतात. तिथे शस्त्रक्रियेआधी सुरक्षा-तपासणीची यादी मोठ्याने वाचतात का? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ही यादी आणली. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा जखमेचे संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर उतरले. अँटिबायोटिक वेळेवर दिलं का, हा त्या यादीतला एक प्रश्न आहे. दुसरं म्हणजे उबदारपणा. भूल दिल्यावर शरीर थंड पडतं, त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडतो. १९९६ साली आतड्यांच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ज्यांना उबदार ठेवलं त्यांच्यापैकी ६ टक्क्यांना, आणि ज्यांचं शरीर थंड पडू दिलं त्यांच्यापैकी १९ टक्क्यांना जखमेचा संसर्ग झाला. सासूबाईंना वाट बघताना थंडी वाजत असेल तर संकोच न करता आणखी एक ब्लँकेट मागा.

इथवर सासूबाईंचं झालं. आता तुमच्या बहिणीचं म्हणणं. ती घाबरवते आहे असं समजू नका, तिच्या बोलण्यात तथ्य आहे. फक्त सगळी रसायनं एका मापाने मोजता येत नाहीत. तुमच्या घरात आत्ता एक खरोखर धोकादायक गोष्ट आहे, एक टाळण्यासारखी आहे आणि एक-दोन निव्वळ निरुपयोगी आहेत.

निरुपयोगी पासून सुरू करते. जंतुनाशक साबण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबण-हँडवॉशमधून ट्रायक्लोसान या जंतुनाशकासह १९ घटक बाद केले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत असं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ट्रायक्लोसान थायरॉइडच्या संप्रेरकात ढवळाढवळ करताना दिसलं आहे, आणि बाळाच्या मेंदूची घडण त्या संप्रेरकावर अवलंबून असते. गंमत अशी की त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेत ट्रायक्लोसानचा मुलामा दिलेले टाके वापरावेत असंही सुचवलं. नंतरच्या सगळ्या चाचण्यांचे निकाल सारखे आले नाहीत, तरी मुद्दा समजून घ्या. टाक्यावर, अगदी थोडं, काही दिवसांसाठी, एका ठरावीक कामाला वापरणं वेगळं आणि अडीच वर्षांच्या मुलाच्या हाताला रोज पाच-सहा वेळा चोळणं वेगळं.

जंतुनाशक म्हणजे निर्धोक, हा समज किती महागात पडू शकतो याचं एक उदाहरण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक एके काळी प्रसूतिगृहांत नवजात बाळांच्या अंघोळीला सर्रास वापरायचे, बाळांना त्वचेचे संसर्ग होऊ नयेत म्हणून. ते त्वचेतून रक्तात शिरतं आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाला सूज आणतं, हे नंतर उघड झालं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना सर्वांत जास्त. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरमध्ये ते चुकून ६ टक्क्यांहून जास्त प्रमाणात मिसळलं गेलं आणि ३६ मुलं दगावली. त्याच वर्षी अमेरिकेत त्याच्या खुल्या विक्रीवर बंधन आलं. वापरणाऱ्या प्रत्येक आईचा हेतू तुमच्यासारखाच होता. म्हणून म्हणते, मुलाच्या अंगाला साधा साबण, बस.

आता ती भिंत. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच होती. जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट असते. रंग चकचकीत राहावा, लवकर वाळावा, म्हणून ते घालत. भिंतीवर पक्का बसलेला असेपर्यंत तो फारसं काही करत नाही. कोरडा पॉलिशपेपर मारला की मात्र त्याची पिठासारखी धूळ होते, ती खिडकीच्या कडांवर, फरशीवर, खेळण्यांवर बसते. रांगतं-धावतं मूल ती हातावर घेतं आणि हात तोंडात जातो. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात. शरीरात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त.

शिसं मेंदूचं नुकसान करतं ते कॅल्शियमच्या जागेवर बसून. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर. शिशाचे कण त्याच दारांतून आत शिरतात आणि निरोपांची घडी विस्कटतात. अडीच वर्षांच्या मुलाच्या मेंदूत या जोडण्या रोज नव्याने तयार होत असतात, नको त्या छाटल्या जात असतात. नेमक्या त्या काळात झालेला बिघाड नंतर भरून काढणं कठीण जातं. १९७९ मध्ये अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, त्यांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी होतीच, शिवाय शिक्षकांनी, आकडे ठाऊक नसताना, याच मुलांबद्दल लिहिलं होतं की ती चटकन विचलित होतात, सूचना पाळू शकत नाहीत, हातातलं काम अर्धवट सोडतात. वरून बघता ही मुलं धडधाकट होती. कुणालाही विषबाधेची लक्षणं नव्हती. नंतरच्या अभ्यासांनी तर दाखवलं की रक्तातलं शिसं अगदी थोडं असतानाही बुद्धीवर परिणाम होतो, आणि सुरुवातीच्या थोड्या वाढीला तो जास्त तीव्र असतो. म्हणूनच मुलांच्या रक्तात शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत. जगाने हे शहाणपण फार हळू अंगीकारलं. वाहनांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जेरिया, २०२१ मध्ये थांबला.

तर आता झालेल्या धुळीचं काय? झाडू नका, झाडूने ती हवेत उडते. साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको. ओल्या फडक्याने फरशी, खिडक्या, दाराच्या चौकटी पुसा, पाणी बदलत राहा, ते फडकं टाकून द्या. मुलाची खेळणी साबण-पाण्याने धुवा. घासणाऱ्या माणसाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवू नका, आणि त्यालाही सांगा, कारण त्याच्याही घरी मुलं असू शकतात. हे सगळं मूल घराबाहेर असताना करा. पुढचं काम एक तर सध्या सोडून द्या, नाहीतर घासल्याशिवाय वरून नवा थर द्या. शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, कमी असलेला, पाण्यावर आधारलेला रंग मागा. थिनर घालायचे रंग नकोत. त्यांच्या वाफेत टोल्यूनसारखी द्रावणं असतात. वर्षानुवर्षं अशा वाफेत काम केलेल्या रंगाऱ्यांची स्मरणशक्ती आणि स्वभाव दोन्ही बिघडल्याचं स्कँडिनेव्हियातल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच नोंदवलं होतं. खरं तर सासूबाईंना नव्या रंगाची गरजच नाही. उठताना धरायला कठडा, घसरणार नाही अशी न्हाणीघराची फरशी आणि वाटेतले गालिचे उचललेले, हे त्यांना जास्त कामाला येईल.

आणि मुलाच्या डॉक्टरांना सांगून त्याच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्या. घाबरून नव्हे, धूळ झाली होती म्हणून. प्रमाण जास्त निघालं तर शिशाचा उगम घरातून काढणं, लोह-कॅल्शियमची कमतरता भरून काढणं आणि पुन्हा मोजणं हा पहिला उपचार असतो. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, पण हाडांत साठलेलं वर्षानुवर्षं राहतं. म्हणून लवकर मोजलेलं बरं.

झुरळांच्या फवारणीबद्दल. जुन्या फवारण्यांत ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधं असत. ती कीटकाच्या मज्जासंस्थेतलं जे विकर (एन्झाइम) बंद पाडतात, तेच आपल्याही मेंदूत असतं. त्यातल्या क्लोरपायरिफॉसचा घरातला वापर अमेरिकेत २००० सालानंतर बंद झाला. न्यूयॉर्कमध्ये जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात ते जास्त आढळलेल्या मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा तिसऱ्या वर्षी त्यांच्यात विकासाचा उशीर आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या. आज घरांत बहुधा पायरेथ्रॉइड वापरतात. ती माणसाला तुलनेने सौम्य, तरी लहान मूल असलेल्या घरात दर आठवड्याला मारायची गोष्ट नव्हे. गळका नळ दुरुस्त करा, फटी बुजवा, रात्री खरकटं उघडं ठेवू नका, आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशा बिजागरीत-फटीत जेलचे ठिपके लावा. झुरळं याने जास्त हटतात. कॉईलऐवजी मच्छरदाणी. एका मोजणीत एक कॉईल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडले होते. भूल उतरलेल्या ६८ वर्षांच्या फुप्फुसांनाही तो धूर नको. आणि ब्लीच कधीही संडास साफ करायच्या आम्लात किंवा अमोनियात मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

तुमचा मुलगा दोन मिनिटं बसत नाही, असं लिहिलंत. ताई, अडीच वर्षांची मुलं बसत नाहीत. महिनाभराच्या फवारण्यांनी तो असा झाला असं समजून स्वतःला टोचणी लावून घेऊ नका. तो नाव घेतल्यावर वळतो का, डोळ्यांत बघतो का, दोन-तीन शब्द जोडून बोलतो का, शिकलेलं काही विसरत चालला आहे का, हे बघा. यात शंका वाटली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. नुसत्या धावपळीसाठी जायची गरज नाही.

त्याला दुसरीकडे पाठवायचीही गरज नाही. त्याला ताप, सर्दी, जुलाब किंवा अंगावर फोड असतील तेवढे दिवस आजीपासून लांब ठेवा. एरवी हात धुऊन तो आजीच्या कुशीत खुशाल बसू दे, फक्त त्या पायावर चढू देऊ नका आणि पट्टीला हात लावू देऊ नका. जखमेच्या बाबतीत घरातलं खरं काम हातांचंच आहे. ड्रेसिंगला हात लावायच्या आधी आणि नंतर साबणाने नखांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट हात धुवा. पहिले दोन दिवस ड्रेसिंग उघडू नका. सर्जननी जितके दिवस सांगितलंय तितके दिवस ते राहू द्या, ओलं झालं तरच आधी बदलून घ्या. टाक्यांवर स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, घरगुती लेप, उरलेली मलमं काहीही लावू नका. जंतूंना मारणारं औषध नव्याने वाढणाऱ्या नाजूक पेशींनाही सोडत नाही. अंघोळीची परवानगी मिळाली की वरून पाणी चालेल, पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. फरशी साध्या साबण-पाण्याने दिवसातून एकदा पुसा, आणि ती कोरडी झाल्याशिवाय सासूबाईंना उठू देऊ नका.

आता कशावर लक्ष ठेवायचं ते. पहिले काही दिवस थोडी सूज, थोडी लाली, उबदारपणा असतोच. संसर्ग बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमाराला डोकं वर काढतो. दुखणं रोज कमी होत असताना अचानक पुन्हा वाढू लागलं, लाली पसरत चालली, टाके सुटले, पू किंवा घाण वास आला, आठवड्यानंतरही पट्टी ओली होत राहिली, ताप-थंडी आली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनना दाखवा. वयस्कर माणसाला कधी तापही येत नाही. एकाएकी गोंधळल्यासारखं बोलणं, रात्री माणसं न ओळखणं, दिवसभर गुंगीत राहणं एवढंच दिसतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत असा भ्रम औषधांमुळे किंवा झोप न झाल्यामुळेही होतो, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवल्याने तो कमी होतो. पण घरी आल्यावर नव्याने सुरू झाला तर ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. साखर तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून ‘बघू या दोन दिवस’ असं मात्र करू नका. आत सांधा बसवलेला असताना अर्धवट औषधाने वरची लाली ओसरते, आतला जंतू तसाच राहतो आणि नंतर तपासणीत तो नेमका कोणता ते सापडत नाही. लवकर कळलं तर सर्जनना आतून धुऊन सांधा वाचवता येऊ शकतो. आत सांधा असेल तर शस्त्रक्रियेचा संसर्ग ९० दिवसांपर्यंत मोजतात, म्हणजे टाके निघाल्यावरही तीन महिने रोज त्या पायाकडे एकदा नजर टाका. घरी सोडताना सर्जनच्या विभागाचा रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या, आणि तो तुमच्या एकटीच्याच नव्हे, पतींच्या फोनमध्येही घालून ठेवा.